मामा, सही राहिली

सुजे,

आज तुझी शोकसभा झाली. गोदामासमोर मंडप होता, सतरंज्या होत्या, तुझ्या फोटोला हार होता, आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर आप्पा होता. सभा मोडून दोन तास झाले. मंडपवाला खुर्च्या टेम्पोत भरतोय आणि मी भिंतीसमोर रंगाच्या डब्यावर बसून तुला हे लिहितोय. गेलेल्या माणसाशी गोड बोलावं म्हणतात. मला ते जमायचं नाही. तू होतीस तेव्हाही मी तुझ्याशी कधी गोड बोललो नाही. आता तर तोंड आणखी कडू झालंय, आणि ते गोड करून घ्यायची मला इच्छा नाही.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा आठवीत होतीस. दुकान म्हणजे तरी काय, सोलापूर हायवेच्या कडेचा पत्र्याचा खोका आणि वर ‘दिनू पेंटर’ ही पाटी. तू दारातूनच म्हणालीस, "मामा, डब्याच्या झाकणाला चिकटलेला रंग तुम्ही काय करता?"

"फेकतो. का गं?"

"मग माझ्याकडं फेका की."

त्यावर कुणीही हसलं असतं. मी खेकसलो. म्हटलं, इथं फुकट काही मिळत नाही. तू कोपऱ्यातला झाडू घेतलास आणि सगळं दुकान झाडून काढलंस. माझ्या बायकोने लग्नानंतर एकदा झाडलं होतं, त्यानंतर तूच. वस्तीवरच्या समाजमंदिराच्या भिंतीवर तुला मुळाक्षरं काढायची होती. दर रविवारी तू वस्तीतली आणि ऊसतोडीच्या कोप्यांवरची पोरं गोळा करून शिकवायचीस. पाटी-पेन्सिल नाही, म्हणून भिंत. हातभर उंचीचा ‘क’ काढायचा आणि पोरांना त्याच्यावरून बोट फिरवायला लावायचं. तुझी ती शाळा मी बघायला आलो ते चुका काढायला. तुझा ‘क’ माझ्या ‘क’पेक्षा चांगला होता. हे मी तुला सांगितलं नाही.

तुझ्या पोरांना तू एक खोड लावलीस. भिंतीवर दिसेल ते मोठ्याने, सगळ्यांनी मिळून वाचायचं. मग ती पोरं रस्त्याने निघाली की गावाला ताप. खताची जाहिरात वाचायची, निवडणुकीच्या घोषणा वाचायची, ‘देशी दारूचे दुकान’ तर तीन-तीनदा वाचायची. त्या दुकानात बसलेले बाप्ये चोरासारखे माना खाली घालायचे. एकदा आप्पाच्या बंगल्यावरचं ‘कुत्र्यापासून सावध रहा’ पोरांनी नेमकं आप्पा दारात उभा असताना वाचलं. तू मला ते नक्कल करून दाखवलंस आणि माझ्या हातातला ब्रश घसरून एका दूध डेअरीचा बोर्ड वाया गेला. त्या दिवशी हसलो होतो मी. नोंद असू दे.

पहिल्याच आठवड्यात मी तुला धंद्याचे दोन नियम सांगितले होते. दुसऱ्या पेंटरने रंगवलेल्या भिंतीला, त्याला विचारल्याशिवाय, ब्रश लावायचा नाही. निवडणूक असो, लग्न असो, समोर कितीही मोठा माणूस उभा असो. हा एक. आणि काम झालं की खाली उजव्या कोपऱ्यात सही करायची, म्हणजे चांगलं झालं तर नाव आपलं आणि वाईट झालं तर शिवीही आपल्यालाच.

तू विचारलंस, "आन् लाज वाटंल असं काम असलं तर?"

"असलं काम घ्यायचंच नाही," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो. त्या छातीची मला आता किळस येते.

मी मूळचा तळेगाव ढमढेऱ्याचा. तिथल्या बाजारात माझ्या उस्तादाच्या हाताखाली अक्षर शिकलो. दहावीच्या सुट्टीत तुला एकदा एसटीने तिथे नेलं, खारीच्या केसांचा चांगला ब्रश तिथेच मिळायचा म्हणून. ब्रश बाजूला राहिला, आणि तू एका वांगी विकणाऱ्या म्हातारीसमोर फतकल मारून बसलीस. तिच्या पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. तू पिशवीतून रंग काढलास आणि फळकुटावर एक जांभळं वांगं काढून दिलंस, देठासकट, असं चकाकतं की गिऱ्हाईक हात लावून बघेल. म्हातारी म्हणाली, "बाय, वर माजं नाव बी लिव्ह की."

"वाचता येतं का आजी?"

"मला कुटं येतंय? पन तुला येतंय, त्या गिऱ्हाईकाला येतंय. मलाच कशाला याया पायजे?"

परतीच्या गाडीत आपण दोघं मांडीवर म्हातारीने दिलेली दोन-दोन किलो वांगी घेऊन बसलो होतो. मी म्हणत होतो की चित्राने पोट भरत नाही, अक्षराने भरतं. तू पिशवीकडे बोट दाखवलंस. त्या भांडणात मी हरलो होतो. पुढच्याही प्रत्येक भांडणात हरलो.

भिंतीचं भांडण मात्र मोठं. भांडगाव सोडून सोलापूरकडे निघालं की हे वळण लागतं. वळणावर सोसायटीचं बंद पडलेलं गोदाम आणि त्याची लांबलचक भिंत, पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडासमोर. वस्ती रस्त्याच्या त्या अंगाला, शाळा या अंगाला. मध्ये मालट्रक. कॉलेजची एसटी पकडायच्या आधी तू रोज सकाळी हातात लाल फडकं घेऊन वस्तीतल्या पोरांना रांगेने रस्ता पार करून द्यायचीस. कुणी सांगितलं होतं तुला? कुणीच नाही. दिवाळीच्या सुट्टीत तू म्हणालीस, "मामा, मी काय कायमची फडकं घेऊन उभी राहणार न्हाई. भिंतीलाच उभं करते."

मला वाटलं, ‘वाहने सावकाश चालवा’ लिहायचं असेल. मी दीड फुटी अक्षरं आखायला सुतळी आणि खडू घेऊन आलो. तू म्हणालीस अक्षरं नकोत. एकही नको. मी चिडलो. वीस वर्षं मी अक्षरांवर भाकरी खाल्ली आणि ही कालची पोरगी म्हणते अक्षरं नकोत!

"ड्रायव्हरला वाचायला टाइम कुठं असतो मामा? वाचंपर्यंत गाडी फुडं. लेकरू दिसलं की मात्र पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्याला इचार करावाच लागत न्हाई."

सात पोरं काढलीस. खऱ्या उंचीची, एकामागे एक, रस्ता ओलांडणारी. पहिल्याने हात पुढे केलेला, तिसरीच्या चपलेचा बंद तुटलेला, शेवटचा मागे वळून बघणारा. आठ दिवस तू शिडीवर होतीस आणि मी खाली उभा राहून शिडी धरली. तुझा तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आठवडा होता, हे आज सांगतो. चित्र पुरं झालं त्याच दिवशी एक पंजाबी ट्रकवाला कचकन थांबला, उतरला, भिंतीपाशी जाऊन एका पोराच्या डोक्याला हात लावून बघितला. "अरे बेटी, मैंने सोचा सच्ची के बच्चे हैं," म्हणाला, आणि तुला सलाम ठोकून गेला. तू उजव्या कोपऱ्यात बोटभर उंचीची सही केलीस. नुसतं ‘सुजाता’.

त्यानंतर गाड्या खरंच हळू व्हायला लागल्या. लोक थांबून बघायचे. दौंडच्या एका वार्ताहराने फोटो काढून नेला. तुझ्या ड्रॉइंगच्या परीक्षेचा निकाल आला, ‘ए’ ग्रेड. चहाच्या टपरीवर जो तो मला सांगायचा, पेंटर, पोरगीने तुला मागं टाकलं बरं का. मी हसायचो. आणि आतून जळायचो, सुजे. वीस वर्षांत माझ्या एका भिंतीसमोर कुणी गाडी थांबवली नव्हती. हे तुला कधी कळलं नसेल असं मी समजत होतो. तुला न कळलेलं असं काही होतं का, याची आता शंका येते.

मग आप्पाचा वाढदिवस आला.

आप्पा कोण हे तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण मला ते सांगायला आवडतं. सोसायटीचा चेअरमन. ज्याचं नाव या पट्ट्यातल्या प्रत्येक भिंतीवर मी माझ्या हाताने काढलं, तो. त्याला मोठा केला तो मी. आधी वीतभर अक्षरांत, मग फूटभर, मग दोन फुटी. पुण्याहून डिजिटल बोर्ड यायला लागले तसा माझा धंदा बसत चालला होता, आणि भिंतींचं काम देणारा हा एकटाच उरला होता. तो दुकानात आला, गाडीतून न उतरता म्हणाला, "पेंटर, गोदामाची भिंत मोक्याची हाय. सोलापूरला जानारी एकूनएक गाडी बघती. वाढदिवस तिथंच झळकला पायजे."

"तिथं पोरांचं चित्र आहे, आप्पा."

"मग? चित्र काय, परत काढता येतंय. वाढदिवस वर्सातनं एकदाच येतो."

"सुजाताला विचारतो."

"तिला मी सांगतो. आपलीच पोरगी हाय ती."

तो तुला सांगणार नाही हे मला माहीत होतं. तुला विचारलं तर तू नाही म्हणशील हेही माहीत होतं. म्हणून मीही विचारलं नाही. तू कॉलेजला गेलेली असताना भरदिवसा मी भिंतीला शिडी लावली. आणि इथे ऐक, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी नुसता चुना मारायला हवा होता. ऑइल पेंटवर चुना धरत नाही. चार उन्हं लागली की पापुद्रे सुटतात आणि खालचं सगळं उघडं पडतं. धंद्यातलं शेंबडं पोर हे जाणतं. मी चुना मारला असता तर आठवड्याभरात तुझी पोरं आप्पाच्या मिशीतून बाहेर आली असती. पण नाही. मला काम चांगलं करायचं होतं. मी तारेच्या ब्रशने तुझं चित्र खरवडलं, सातही पोरं, एकेक करून, वर अस्तर दिलं आणि मग ऑइल पेंटचे दोन हात दिले. इतकं नीट काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. आणि ते करताना मला बरं वाटत होतं. लिहिलं, बघ. आता ते माझ्याकडे एकट्याकडे राहिलं नाही.

संध्याकाळी तू एसटीतून उतरलीस. मी शेवटचं ‘हार्दिक शुभेच्छा’ भरत होतो. गॉगल लावलेला आप्पा सात पोरांच्या जागेवर हसत होता. तू भिंतीसमोर येऊन उभी राहिलीस. मला वाटलं ओरडशील, रडशील, शिडी हलवशील. मी उत्तरं तयार ठेवली होती. माझं पोट, माझी पोरं, एका महिन्याचा तर प्रश्न. तू भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलंस आणि साध्या आवाजात म्हणालीस,

"मामा, सही राहिली."

आणि गेलीस. मी सही केली नव्हती. विसरलो नव्हतो.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. दुकानासमोरून जायचीस, सरळ बघत. दुसऱ्या दिवसापासून फडकं घेऊन पुन्हा वळणावर उभी राहायला लागलीस, आता सकाळीही आणि शाळा सुटतानाही. कॉलेजचे तास बुडायला लागले असणार. मी दुकानातून बघायचो आणि मनात म्हणायचो, चार दिवसांत राग जाईल पोरीचा, मग नवा ब्रश देईन. ब्रश आणून ठेवला होता. तळेगावचाच.

अकराव्या दिवशी ते झालं. मी ते इथे लिहिणार नाही. शेवटचं पोर तू ढकलून पलीकडे टाकलंस, एवढंच लिहितो. त्या पोराचं फक्त कोपर खरचटलं.

ड्रायव्हर न्हावऱ्याचा होता, पुण्याला कांदा उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघालेला. पळून गेला नाही. रस्त्यातच मांडी घालून बसला होता आणि लोकांचा मार खात होता. मीही हात उगारून गेलो. तेव्हा तो माझ्याच पायाला धरून म्हणाला, "मी ह्या रोडचा रोजचा मानूस हाय हो. त्या भितीवरची पोरं दिसली की मी खालचा गेर टाकायचो. पंधरा दिस गाडी ग्यारेजला व्हती, आज पयलाच फेरा. पोरं कुटं गेली? भितीवरची पोरं कुटं गेली?"

माझा हात तसाच राहिला. सगळे त्याला मारत होते, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेला माणूस समोर उभा होता. पंचनाम्यात गाडीचा वेग आला, वळण आलं. भिंत आली नाही. भिंतीवर आप्पा गॉगल लावून हसत होता.

चौथ्या दिवशी दौंडच्या त्या वार्ताहराच्या बातमीत आप्पाने शोक व्यक्त केला. ते चित्र ‘आमच्याच प्रेरणेतून’ साकारलं होतं म्हणे. मी ती बातमी तीनदा वाचली आणि त्या तीन वाचनांत माझ्यातला उरलासुरला भित्रा पेंटर मेला. त्याच दुपारी आप्पाचा निरोप आला. भिंतीवर श्रद्धांजली काढायची. मध्ये आप्पाचा हात जोडलेला मोठा फोटो, वरच्या कोपऱ्यात तुझा छोटा, खाली ‘शोकाकुल’ म्हणून त्याच्या बगलबच्च्यांची नावं. शोकसभेच्या दिवशी पडदा आप्पाच्याच हस्ते उघडायचा.

मी म्हणालो, काढतो की आप्पा. असं काढतो की गाव बघत राहील.

ऐक, मला त्याचा जीव नको होता. हातापायाला लावायचं असतं तर माझ्याकडे शिडी आहे, हातोडी आहे. पण ज्या माणसाचा जीव नावात आहे त्याचं नावच घ्यावं. वीस वर्षं मी ते वाढवलं. ते कुठून कापायचं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ब्रश हातात घेण्याआधी मी तुझ्या आईकडे गेलो. लताक्का दारात बसून होत्या. ज्या हातांनी त्या दुसऱ्याच्या रानात कांदा खुरपतात ते हात नुसते मांडीवर पडले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. भिंत मी पुसली. तिला विचारलं नाही. मी.

"मला ठावं हाय, दादा," त्या म्हणाल्या. "तिनं त्याच दिशी सांगितलं व्हतं."

"काय म्हणाली?"

"म्हनली, मामाला आप्पानं दाबलं असंल. पन मामानं सही न्हाई केली आई, म्हंजी अजून आतून मेला न्हाई त्यो."

मी उंबऱ्याबाहेर खाली बसलो. मग मी त्यांना विचारलं, भिंतीवर तुमच्या पोरीचा चेहरा काढू का?

"नगं. तिचं त्वांड त्या धुरळ्यात नगं. तिनं काढलेली पोरं काढ. आन् त्याचं काय करायचं ते कर. मला इचारू नगंस, म्हंजी मला न्हाई म्हनाया लागायचं न्हाई."

एवढं सांगून त्या आत गेल्या. सुजे, तू मला माफ करून सोडून दिलंस ते त्या दिवशी कळलं. ते तुझं मोठेपण. माझ्याकडे ते नाही. मी मला सोडलेलं नाही आणि त्याला तर नाहीच.

चार दिवस भिंतीसमोर ताडपत्री बांधून मी काम केलं. तारेचा ब्रश तोच. आधी आप्पाला खरवडला. गॉगल, मिशी, दात. हे करताना मला जे वाटलं त्याला समाधान म्हणतात की आणखी काही, मला ठाऊक नाही, पण मी ते सावकाश केलं. मग तुझी पोरं काढायला घेतली. तुझ्यासारखी जमली नाहीत. तिसरीच्या चपलेचा बंद मी तीनदा काढला. पोरांच्या मागे, आठवी म्हणून, एक पाठमोरी मुलगी काढली, हातात लाल फडकं. चेहरा नाही, आईला शब्द दिला होता. आप्पाचा माणूस दोनदा डोकवायला आला. "आप्पांच्या मिशा अजून ओल्या आहेत, धूळ बसेल," असं सांगून मी त्याला घालवला. धूळ उडू नये म्हणून तो हळूच पाय टाकत गेला!

आज दुपारी सगळी आली. वस्ती आली, वरचं गाव आलं, तो वार्ताहर आला. समाजमंदिरातून सगळे वंदना घेऊन इथवर चालत आले. तुझी रविवारची पोरं सगळ्यात पुढे सतरंजीवर बसली होती. आप्पाने वीस मिनिटं भाषण केलं. तुला तीनदा ‘आपली कन्या’ म्हणाला आणि एकदा तुझं नाव चुकला. मग दोरी ओढली.

ताडपत्री पडली तेव्हा पहिल्यांदा लोकांना पोरंच दिसली, आणि बायांमधून एक हुंदका आला. आप्पा अजून स्वतःला शोधत होता. मग त्याची नजर खाली गेली, जिथे मी अक्षरं काढली आहेत. तुला अक्षरं नको होती, माहीत आहे. म्हणूनच ती खाली आहेत, गाडीवाल्याला दिसणार नाहीत, समोर उभ्या राहिलेल्या माणसाला वाचावीच लागतील. मोठी माणसं मनातल्या मनात वाचत होती, आणि मनातल्या मनात वाचलेलं गावात कुणी कधी वाचलेलं नसतं.

पण तुझी पोरं होती ना पुढे.

एकीने सुरू केलं आणि मग सगळ्यांनी मिळून, तू शिकवलं होतंस तसं, शब्दावर शब्द, मोठ्याने. "ही - पोरं - इथं - आधीही - होती. वाढदिवसाच्या - जाहिरातीसाठी - ती - पुसायला - लावली -" आणि पुढे आप्पाचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पदासकट. मी इथे लिहीत नाही, ते भिंतीवर आहे. आप्पा "गप्प बसा रं!" म्हणून ओरडला. पोरं दचकली, एकमेकांकडे बघितलं, आणि तू घालून दिलेल्या रीतीप्रमाणे चुकलेली ओळ पहिल्यापासून घेतली. त्याचं नाव दुसऱ्यांदा आलं. मग तिसऱ्यांदा, कारण मागच्या रांगेतल्या बारक्यांना जोडाक्षर जमलं नव्हतं. आप्पाचा चेहरा मी मन भरून बघितला. वीस वर्षं मी त्याचा चेहरा रंगवला, असा रंग मला कधी साधला नव्हता.

कुणी त्याच्या अंगावर गेलं नाही. कुणी घोषणा दिली नाही. लताक्का उठून फक्त त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, तेवढ्यावर तो खाली बघत गाडीकडे गेला. वार्ताहर फोटो काढत होता.

पोरं थांबली नव्हती. पुढची ओळही त्यांनी वाचली. "पुसली - दिनकर - पेंटरने." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टपरीवाला, मंडपवाला, तुझ्या वस्तीतल्या म्हाताऱ्या. मी तिथेच उभा राहिलो. तुझ्याच आवाजात मला कुणीतरी हाक मारावी तसं ते वाटलं, आणि मी मान खाली घातली नाही. माझी शिक्षा मी स्वतः वीतभर अक्षरांत काढली आहे. आता हे गाव मला काय म्हणेल ते म्हणू दे.

मघाशी आप्पाचा माणूस येऊन सांगून गेला, उद्या भिंत पुसणार. कोण पुसणार? पाटसच्या, चौफुल्याच्या, केडगावच्या सगळ्या पेंटरांकडे मी कालच सायकलवर जाऊन आलो. नियम सांगून आलो. माझी भिंत आहे, मला विचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. एकानेही का म्हणून विचारलं नाही. मजूर लावून चुना मारतील तर मारू दे. खाली दोन हात ऑइल पेंट आहे. चार उन्हं लागली की त्याचं नाव परत बाहेर येईल, आणि दर वेळी चुना मारला की दर वेळी येईल. दुकान फोडतील बहुतेक. फोडू दे, त्यात आहे काय, थोडे डबे आणि झाकणं. झाकणांचा रंग घेऊन जायला आता कुणी येत नाही.

आत्ताच पुण्याकडून एक कांद्याची गाडी आली. वळणावर तिचा वेग कमी झाला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून पोरांकडे बघितलं आणि गाडी हळू पुढे नेली. तू म्हणाली होतीस तसंच, त्याला विचार करावा लागला नाही. मी तुझ्याशी भांडायला तोंड उघडलं आणि मग आठवलं.

ऊन उतरलंय. तळेगावचा तो नवा ब्रश, तुझ्यासाठी आणलेला, मी आज पहिल्यांदा ओला केला. तुझं ‘सुजाता’ मी खरवडलं होतं तिथेच, त्याच उंचीवर, ते आधी परत लिहिलं. मग त्याच्या शेजारी, खाली उजव्या कोपऱ्यात, माझं नाव.

सुजे, सही केली.